सुट्टीतल्या तालमी

शाळेच्या दप्तरात हजेरीपट आहेत, निकाल आहेत. आपल्या मे महिन्यातल्या नाट्यशिबिराची नोंद मात्र कुठेच नाही. म्हणून ती या स्मरणिकेत करून ठेवतो.

आधी थोडा मागचा इतिहास. मराठीत मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी राहिली ती १९५९ साली. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि मुंबईत त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरी यांचं ‘मधुमंजिरी’. १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण घराघरांत पोचली. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ‘ग्रिप्स’ चळवळ पुण्यात आली आणि राजपुत्र-राक्षसांच्या जोडीला मुलांचे रोजचे प्रश्नही रंगमंचावर आले.

आपल्या मराठवाड्याची वाट वेगळी होती. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. ‘गश्ती निशाण ५३’मुळे साध्या सभेलाही आधी परवानगी लागे. पुढे औरंगाबादच्या विद्यापीठात कमलाकर सोनटक्के यांनी नाट्यशास्त्र विभागाची घडी बसवली. तिथे शिकलेली मुलं आपापल्या गावी नाटक घेऊन गेली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांनी आपल्या शाळेत हे शिबिर भरू लागलं.

वेळ सकाळी सात ते दहा, कारण त्यानंतर पत्र्याखाली बसवत नसे. पहिले चार दिवस संवाद नाहीतच. सर म्हणायचे, “आधी बघायला शिका, बोलायचं नंतर.” एक मुलगी मात्र रोज उशिरा यायची. एकदा सर तिच्यावर रागावले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, नळ आला होता.”

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर प्रत्येकाची गल्ली आणि तिथे पाणी येण्याची वेळ लिहून घेतली. तालमीचं वेळापत्रक त्यावरून ठरलं. ज्यांच्याकडे नळ येणार, त्यांना त्या दिवशी सुट्टी. आणि त्या फळ्यावरूनच आपलं नाटक उभं राहिलं: पाण्याच्या रांगेचं. रिकामा हंडा भरल्यासारखा कसा उचलायचा, चालताना कंबर कुठे झुकते, हे आम्हा मुलांना तिनेच शिकवलं. आमच्यापैकी कोणी घरी हंडा उचललाच नव्हता!

प्रयोगाला पुढच्या रांगेत आया बसल्या होत्या. रांगेतल्या भांडणाला त्या पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर ती एकटी हंडा घेऊन चालत गेली तेव्हा कोणी हसलं नाही. माझी आई घरी जाताना काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला कळशी हातात दिली.

पुढच्या मे महिन्यात ती मुलगी शिबिराला आली नाही. दहावीच्या आतच तिचं लग्न झालं होतं. सर तिच्या घरी जाऊन आले होते, एवढंच नंतर कळलं. त्यांनी त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही.

या स्मरणिकेसाठी आपल्या बॅचची यादी दहावीच्या रजिस्टरवरून केली आहे, त्यामुळे तिचं नाव त्यात नाही. असे आणखीही काही जण असतील. तिला विचारल्याशिवाय मी ते नाव इथे लिहीत नाही; पण तिच्या गावाचा पत्ता कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा. मेळाव्याचं निमंत्रण घेऊन मीच जाईन.

आणि मित्रहो, शिल्लक राहणाऱ्या वर्गणीतून येत्या मे महिन्यात शिबिर पुन्हा भरवावं, अशी माझी सूचना आहे. फळा तोच आहे. पहिल्या दिवशी त्यावर पाण्याच्या वेळा लिहायच्या आणि शिबिराला कोण येत नाही, याचीही चौकशी करायची.