असर्टची कुळकथा

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरहून, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) तिथल्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केलं. तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाला संगणकाचे चार समांतर मार्ग आहेत. एक बिघडला की त्याला बाजूला सारून बाकीचे विमान सांभाळतात. चूक सापडली म्हणून सगळंच बंद करण्याची मुभा आकाशात नसते. सॉफ्टवेअरच्या जगाला हे उमगायला मात्र वेळ लागला.

१९४९ साली केंब्रिजच्या परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी सुचवलं, की मोठा प्रोग्रॅम तपासायचा तर त्यात जागोजागी खात्रीची विधानं लिहावीत आणि ती एकेक करून पडताळावीत. सी भाषेतला असर्ट हा मॅक्रो याच घराण्यातला. अट खोटी ठरली की तो फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक छापतो आणि प्रोग्रॅम तिथेच संपवतो. ग्राहकाला द्यायची आवृत्ती एनडीबग हे नाव डिफाइन करून कंपाइल केली, की असर्ट समूळ नाहीसा होतो. फाईल उघडण्याची कृतीच कोणी त्याच्या कंसात लिहिली असेल, तर ग्राहकाकडे ती फाईल कधी उघडतच नाही.

चूक दिसताच थांबणं किती महागात पडतं, हे ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाणाने दाखवलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही, म्हणून दिशा सांगणारे दोन्ही संगणक बंद पडले आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. त्या आकडेमोडीची उड्डाणानंतर गरजही नव्हती. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

सशर्त तपासणीचे मॅक्रो दुसरी वाट धरतात. जीलिब या सी लायब्ररीतला 'जी-रिटर्न-इफ-फेल' अट मोडताच इशारा नोंदवतो आणि ज्या फंक्शनमध्ये तो लिहिला आहे ते सोडून परततो. हे काम साध्या फंक्शनला जमत नाही, कारण ते स्वतःपुरतंच परतू शकतं. मॅक्रो लिहिल्या जागी उलगडतो, म्हणून बोलावणाऱ्यालाच परत पाठवतो. लिनक्स कर्नलमध्येही यंत्रणा पाडणाऱ्या 'बग-ऑन'ऐवजी 'वॉर्न-ऑन' वापरून सावरा, असंच सांगितलं जातं.

पुढे गेल्याने डेटाच नासणार असेल, तर थांबणंच बरं. पण फाईल, नेटवर्क, सेन्सर यांच्या चुका बाहेरून येतात आणि येतच राहणार. सी शिकणाऱ्या मुलामुलींनो, असर्ट स्वतःच्या तर्कातल्या चुकांसाठी ठेवा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची तपासणी ग्राहकाकडेही चालू राहू द्या, आणि तिच्यासोबत परतीची वाटही लिहा.