पिशवीबरोबर काय गेलं?

छत्तीसगडातल्या बोरसीच्या आमच्या कॉलनीत कुणी गर्भाची पिशवी काढली की मी एकच विचारते, अंडाशयं ठेवलीत का? बहुतेकींना सांगता येत नाही. "ताई, पाळी गेली की ती सुकतातच ना, ठेवून करायचं काय?" एवढं मात्र पाठ असतं. हा समज बायकांनी घरी तयार केलेला नाही, दवाखान्यातूनच आलाय.

माझी नोकरी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली. फॉर्मॅलिनच्या बरणीतून गर्भाशय यायचं, दोन्ही बाजूंना अंडाशयं. पाळी चालू असलेल्या बाईचं टपोरं, आत पाण्याने भरलेल्या, बीज वाढवणाऱ्या पुटिका. साठीतल्या बाईचं खारकेसारखं सुरकुतलेलं. काचपट्टीवर जुन्या पुटिकांचे पांढुरके वण दिसायचे आणि भोवती पेशींची दाट वीण. त्या विणीकडे कुणी फारसं बघत नसे.

१८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर निरोगी अंडाशयंच काढायला सुरुवात केली, आणि ती शस्त्रक्रिया फोफावली. अंडाशय बीजाखेरीज आणखी काय करतं, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं! १९०० च्या सुमारास व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशांची अंडाशयं शरीरात दुसरीकडे बसवून पाहिली. गर्भाशय सुकलं नाही. म्हणजे काम रक्तात मिसळणाऱ्या स्रावाचं. १९२३ मध्ये संशोधक ॲलन आणि डॉइझी यांनी डुकरांच्या पुटिकांतल्या द्रवात तो स्राव, म्हणजे इस्ट्रोजन, पकडला. १९५९ साली स्वीडनच्या बेंग्ट फाल्क यांनी उंदरांवर दाखवलं की इस्ट्रोजनसाठी दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी लागतात. पुढे उलगडलं ते असं: थेका पेशी कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजन बनवतात, ग्रॅन्युलोसा पेशी त्याचं इस्ट्रोजन करतात.

पाळी जाते तेव्हा पुटिका संपतात आणि ग्रॅन्युलोसाही. काचपट्टीवर दिसणारी ती पेशींची दाट वीण मात्र राहते. १९७४ मध्ये हॉवर्ड जड आणि सहकाऱ्यांनी रजोनिवृत्त बायकांच्या अंडाशयातून निघणाऱ्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजन इतर रक्ताच्या सुमारे पंधरापट होतं. अँड्रोजनचा काही भाग शरीरातल्या चरबीत इस्ट्रोन या इस्ट्रोजनमध्ये बदलतो. २००१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी हरकत घेतली, की हे अँड्रोजन मुख्यतः मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं आहे. असेल. पण वाद चालू असताना अवयव बादलीत टाकायची घाई कशाला?

घाई आमच्याकडे झालीच. २०१२ मध्ये छत्तीसगडात विम्याच्या पैशांसाठी विनाकारण गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी निघाल्या, काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या बीडमध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर तिशीतल्या बाईची दोन्ही अंडाशयं गेली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडांचा ठिसूळपणा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

कर्करोग असेल, घराण्यात त्याचा धोका असेल, तर काढावी लागू शकतात. नाहीतर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, अंडाशयं का काढताय? आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.