दोन कडू घास : वसंतातले शोधन आणि यकृताची गोष्ट

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या पंचवटीतल्या घरी कडुनिंबाची चटणी व्हायची. कोवळी पाने, फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग, मिरे. घास तोंडात गेला की आई म्हणायची, "वर्षभराचं रक्त शुद्ध होतं." अलीकडे हेच वाक्य वेगळ्या शब्दांत कानावर येते : "वसंतात लिव्हर डिटॉक्स करून घ्या." हा बदल केव्हा आणि कसा झाला, हे शोधावे असे मनात होते. त्याला निमित्त मात्र दुःखद मिळाले. त्याविषयी पुढे सांगतो.

प्रथम ग्रंथ पाहू. चरकसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय यांत ऋतुचर्येचे स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांचे गणित असे : हेमंत-शिशिरातल्या थंडीत शरीरात कफ साठतो, वसंतातल्या उन्हाने तो पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून वसंतात वमन द्यावे. आयुर्वेद महाविद्यालयांतून आजही वसंतात जी 'वासंतिक वमना'ची शिबिरे होतात, त्यांचे मूळ हेच. आधी काही दिवस चढत्या मात्रेत तूप, मग अंगाला तेल लावून शेक, आणि ठरल्या सकाळी पोटभर दूध किंवा उसाचा रस, ज्येष्ठमधाचा फांट व गेळफळाचे चूर्ण. गेळफळ आपल्या सह्याद्रीतलेच काटेरी झाड.

यात यकृत कुठे आहे? शोधायला गेलो तर सापडत नाही. यकृताचे नाते रक्ताशी आणि पित्ताशी, आणि पित्ताचा ऋतू वसंत नव्हे, शरद. पावसाळ्यात साठलेले पित्त आश्विनाच्या कडक उन्हात उसळते. म्हणून शरदात विरेचन, रक्तमोक्षण आणि कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप सांगितले आहे. काविळीला, म्हणजे ग्रंथांतल्या 'कामले'ला, चरकाने पांडुरोगाच्या अध्यायात मुख्य उपचार सांगितला तोही विरेचनाचाच. म्हणजे आपल्या परंपरेप्रमाणे यकृताची आठवण काढायचीच, तर ती पाडव्याला नव्हे, दिवाळीच्या सुमारास काढायला हवी. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चाल कोकण-गोव्यात आहेच. वर्षाच्या दोन टोकांना दोन कडू घास. या चालींचा उगम वैद्यकात आहे, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण दोन्ही घास ऋतुसंधीच्या आसपास येतात, एवढे खरे.

मग वसंत आणि यकृत ही जोडी आली कुठून? चिनी वैद्यकात यकृत हे 'काष्ठ' तत्त्वाचे आणि वसंत ऋतूचे इंद्रिय मानले जाते. युरोपात हिवाळा संपताच रानातल्या कडू पालेभाज्या खाण्याची रीत जुनी आहे. या दोन धाग्यांची वीण आपल्या पंचकर्माशी गेल्या काही दशकांत घातली गेली आणि 'डिटॉक्स' नावाने ती परत आपल्याच दारात आली, असे मला वाटते.

या कथेत नाशिकचा एक मानाचा मुक्काम आहे. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरले, ते याच गावात. पदेशास्त्रींचा 'वनौषधिगुणादर्श' अनेक वैद्यांच्या घरी असे. काळ कठीण होता. प्लेगची आठवण ताजी होती, सरकारदरबारी वैद्याला किंमत नव्हती. पुढे १९१२च्या मुंबई कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच नोंदणी सुरू केली. वैद्यांना नोंदणीसाठी १९३८च्या कायद्याची वाट पाहावी लागली. पदेशास्त्री मात्र १९०९ सालीच वारले होते. या धडपडीतून वैद्यकाची भाषा बदलत गेली. दोष आणि ऋतू यांच्या जोडीला अवयव आणि रोगाचे इंग्रजी नाव आले. 'पित्त वाढले' म्हणणारा रोगी हळूहळू 'लिव्हर खराब आहे' म्हणू लागला.

औषधांचेही तसेच झाले. आरोग्यवर्धिनी ही गोळी आज यकृताची म्हणून ओळखली जाते. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात ती आली आहे कुष्ठाच्या, म्हणजे त्वचारोगांच्या प्रकरणात. तिच्यात सर्वांत मोठा वाटा कुटकीचा, भावना कडुनिंबाच्या पानांच्या रसाची, आणि सोबत पारा, गंधक, लोह, ताम्र. म्हणजे ती 'नुसता झाडपाला' कधीच नव्हती. कुटकीही आपल्या डोंगरातली नाही. त्र्यंबकच्या किंवा सप्तशृंगीच्या वाटेवर ती शोधून सापडणार नाही; ती हिमालयात उंचावर वाढते. मागणीमुळे ती इतकी खणली गेली की १९९७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. १९५५ साली बाजारात आलेल्या 'लिव्ह.५२'मध्ये कासनी आहे, तिची खरी ओळख युनानी हकिमांकडची. म्हणजे आपण ज्याला एकसंध परंपरा म्हणतो, तिच्यात अशा अनेक वाटा येऊन मिळालेल्या आहेत.

आता भुईआवळ्याकडे येऊ. पावसाळ्यात बांधावर, कुंपणाच्या कडेला उगवणारे हे रोपटे. काविळीवर ते वाटून ताकातून देण्याची रीत गावोगाव आहे. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांचा निबंध आला. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले ब्लूमबर्ग हे त्याचे सहलेखक होते. भुईआवळा घेणाऱ्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती भुकटी घेणाऱ्या २३ जणांत ती एकाचीच गेली. जगभर आशा पालवली. मात्र थायलंडसह इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही.

मग गावच्या औषधाने इतक्या काविळी बऱ्या कशा झाल्या? याचे उत्तर काविळीच्या स्वभावात आहे. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे दूषित पाणी नळांतून गेले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्यातलेही बहुसंख्य बरे झाले. गरोदर स्त्रियांना मात्र ई प्रकार फार घातक ठरतो. ज्याने औषध दिले त्याला बऱ्या झालेल्यांचे श्रेय मिळाले. जे गेले, ते औषध उशिरा घेतले म्हणून गेले असे मानले गेले.

आता ते निमित्त. २०२० साली करोनाच्या भीतीने आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेऊ लागली. वेल शेजारच्या कुंपणावरून आणलेली. काही महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारले, "आजी, कोणती औषधे घेता?" तिने रक्तदाबाची गोळी सांगितली. काढा सांगितला नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतेच. तो उल्लेख झाला चौथ्या दिवशी, तोही माझ्या बहिणीच्या तोंडून. काढा बंद केला. दीड-दोन महिन्यांत आई सावरली. काढ्यानेच हे झाले का, याचे ठाम उत्तर डॉक्टरांनी दिले नाही, आणि मीही देत नाही.

पण २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा मी ती पुन्हापुन्हा वाचली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : ही वेल खरी गुळवेल कशावरून? तिच्यासारखी दिसणारी टायनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी ४३ रुग्णांची नोंद मांडली. वाद संपलेला नाही. पण मंत्रालयाचा आक्षेप खरा धरला, तरी प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. कुंपणावरची वेल ओळखायची कोणी? जुन्या पद्धतीत वैद्य नाडी पाही, ऋतू, वय, बळ पाही, मात्रा ठरवी आणि थांबायचे केव्हा तेही सांगे. आमच्या घरी काढा होता, वैद्य नव्हता.

ग्रंथांत शोधन म्हणजे ठरावीक ऋतूत, ठरावीक दिवस, पारखून द्यायचा उपचार. रोज उठून प्यायचा पेला नव्हे. पाडव्याची चटणीसुद्धा आपण चमचाभरच खातो, आणि गुळासह खातो.

यंदा पाडव्याला आईने पुन्हा चटणी वाटली. काढा मात्र बंद आहे. दवाखान्याच्या फायलीत औषधांच्या यादीखाली तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून ठेवली आहे : "गुळवेल, रोज एक पेला, पाच महिने." नव्या डॉक्टरकडे गेली की आधी ती ओळ दाखवते.