तागा, तिकीट आणि तसबीर

वऱ्हाडातली रुई गाठी बांधून मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत येई. 1867 साली लोहमार्ग नागपूरला पोचला, 1870 मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा गेला, आणि अकोला-अमरावतीच्या दुकानांत विलायती ताग्यांचे ढीग वाढले. ताग्यावर रंगीत तिकीट डकवलेले असे: हत्ती, वाघ, राधाकृष्ण, लक्ष्मी. निरक्षर गिऱ्हाईक चित्र पाहूनच माल ओळखी. त्यामुळे दुसऱ्याचा छाप मारणाऱ्याला 1860 ची दंडसंहिता आणि 1889 चा मालचिन्हांचा कायदा यांत शिक्षा होती. जपली जाई ती व्यापाऱ्याची खूण. चित्रकाराला त्यात कुणी विचारीत नसे.

राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या, तशा त्यांच्या नकलाही. नकलांना रान मोकळेच होते. 1847 चा स्वामित्वहक्काचा कायदा ग्रंथांपुरता होता. चित्रांसाठीचा 1862 चा विलायती कायदा वसाहतींना लागू नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातल्या एका खटल्यात 1903 मध्ये स्पष्ट केले. वऱ्हाडात तर आणखी एक पेच होता. 1853 पासून कारभार इंग्रजांचा असला तरी मुलूख नावाने निजामाचा, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे वेगळा हुकूम निघाल्यावरच चाले.

काही घरांत या तसबिरींना जर आणि टिकल्या लावून नटवीत. देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवीत. छापील चित्रातून नवी कलाकृती घडवण्याचा हा आपल्याकडचा जुना आणि देखणा प्रकार म्हणावा लागेल. विकत घेतलेल्या एकाच प्रतीवर ही कलाकुसर होई, दुसरी प्रत निघत नसे.

चित्राला खरे संरक्षण 1914 च्या कायद्याने दिले: चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 50 वर्षे. खाजगी अभ्यास, संशोधन, टीका, परीक्षण अशा मोजक्या कामांसाठी उचित वापराची सूट त्याच कायद्यात आली. रविवर्मा 1906 मध्ये वारला; त्याच्या चित्रांना हे संरक्षण धरले, तरी ते 1956 मध्येच संपले.

फोटोंचा हिशेब निराळा. संत गाडगेबाबांचे निधन त्याच वर्षी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ झाले. खराटा, मडके आणि चिंध्यांचा अंगरखा हे त्यांचे रूप आज फोटोंवरूनच पुन्हा पुन्हा रंगवले जाते. फोटोचा हक्क बाबांचा नव्हे. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो सहसा फोटोग्राफरचा, पैसे देऊन काढवून घेतला असेल तर काढवून घेणाराचा. मुदत आधी प्रसिद्धीपासून 50 वर्षे होती, 1992 मध्ये ती 60 झाली. 2012 पासून फोटोलाही चित्राचाच नियम लागतो, म्हणजे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. मात्र 1951 अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या फोटोंची मुदत त्याआधीच संपली होती.

सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे चित्र वा फोटो काढायला 1957 च्याच कायद्याच्या कलम 52 ने मुभा आहे. त्या पुतळ्यावरून दुसरा पुतळा ओतायची मुभा मात्र त्या कलमात नाही.