डोंगरावरची नोंद, मैदानाची हवा

मराठवाड्यातल्या जवळा बाजारच्या शिवारात उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद शिजवायला सुरुवात होते. जुनी कढई असो की नवा कुकर, खाली जाळ लागतोच. पऱ्हाट्या, हळदीचा वाळलेला पाला, जे हाताशी असेल ते त्यात जाते. भल्या पहाटे तो धूर वावरावर आडवा पडून राहतो. ऊन तापले की उचलतो, वर चढतो आणि दुपारपर्यंत दिसेनासा होतो. धूर गेला, असे आपण म्हणतो. तो कुठे गेला हे मोजण्याची विद्या मात्र डोंगरमाथ्यांवर वाढली. म्हणूनच उंचावरच्या हवा-प्रयोगशाळांचा इतिहास हा मुळात सपाटीवरच्या गावांचा, शहरांचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात डोंगर आणि हवा यांचे नाते जुने आहे, पण ते हवापालटाचे. 1828 च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला गोऱ्या अंमलदारांसाठी आरोग्यस्थान वसवले. पुढे पाचगणीत क्षयाचे रुग्ण जाऊ लागले. वरची हवा शुद्ध, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले. मोजून पाहण्याची वाट दुसरीकडून आली. मार्च 1958 पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो 315 भागांच्या आसपास होता. आज 420 च्या पुढे गेला आहे. त्या उंचीवर ना गिरणी, ना वीजकेंद्र. ही वाढ खालच्या जगाची आहे.

आपल्याकडे हे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हाती घेतले. तिने सिंहगडावर पावसाचे पाणी आणि हवेतले कण गोळा करून तपासले, 2009 पासून तिथे कार्बन डायऑक्साइडच्याही नोंदी सुरू केल्या, आणि 2012 मध्ये महाबळेश्वरला सुमारे 1,350 मीटर उंचीवर ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. सिंहगडाच्या पावसाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या पाण्यात सल्फेट आणि नायट्रेट सापडले, म्हणजे जळणाचा अंश होता. तरीही पाऊस आम्ल झालेला नव्हता. देशावरच्या मातीतून उडालेल्या धुळीतल्या कॅल्शियमने ते आम्ल मारून टाकले होते. खालच्या धुराड्यांची आणि खालच्या ढेकळांची झुंज गडावरच्या भांड्यातल्या पाण्यात वाचता आली. महाबळेश्वरला तर पावसाळ्यात ढगच दारात येतो. त्याचा प्रत्येक थेंब एखाद्या सूक्ष्म कणाभोवती धरलेला असतो. कण जास्त झाले की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि पाऊस पडणे लांबू शकते. कोरडवाहू मराठवाड्याला ही गोष्ट परकी कशी वाटावी?

यावर पहिला आक्षेप असा, की महाबळेश्वर आता निर्मळ राहिलेले नाही. पर्यटकांच्या गाड्या आहेत, हॉटेलांच्या चुली आहेत. मग यंत्र मोजते ते कुणाचे? आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. मौना लोआ स्वतः ज्वालामुखी आहे. त्याचे वायू यंत्रापर्यंत येतात. ज्या तासांत वारा त्या बाजूने येतो आणि आकडे वेडेवाकडे हलतात, ते तास बाजूला काढूनच नोंद शुद्ध केली जाते. आपल्या घाटमाथ्यावर वेळ आणि वारा दोन्ही बोलतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरची मिसळलेली हवा माथ्यापर्यंत चढते, रात्री हा थर खाली बसतो. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो. हिवाळ्यात तो बहुतांशी ईशान्य-पूर्वेचा. नकाशावर जवळा बाजारपासून महाबळेश्वर नैर्ऋत्येला आहे. म्हणून इथला धूर तिथे मोजला गेला असे सिद्ध होत नाही, पण हिवाळ्यात माथ्यावर येणारी हवा आपल्यासारख्याच गावांवरून आलेली असते, एवढे नक्की.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: माणसे राहतात खाली, तर यंत्रे वर कशाला? हे मी निम्मे मान्य करतो. कढईपाशी दिवसभर उभ्या असलेल्या बाईच्या छातीत किती धूर जातो, हे महाबळेश्वर सांगू शकणार नाही. ते कढईशेजारीच मोजले पाहिजे, आणि मोजले जावे हा तिचा हक्क आहे. पण तिथल्या आकड्यात गावाचा धूर किती आणि बाहेरून आलेला किती, हे वेगळे करायला गावाच्या प्रभावाबाहेरची एखादी नोंद लागते, तीही वर्षानुवर्षे अखंड. गोव्यात काबो द रामाच्या समुद्रकड्यावर 1993 पासून कार्बन डायऑक्साइड मोजला जात होता. समुद्रावरून येणारी पावसाळी हवा आणि जमिनीवरून येणारी हिवाळी हवा यांतला फरक त्या नोंदीत स्वच्छ उमटला. 2002 नंतर ती काही वर्षे थांबली. त्या वर्षांची हवा आता कुणालाही मोजता येणार नाही.