पोलादाचे गाव पिट्सबर्ग

अमेरिकेतल्या मराठी माणसाला पिट्सबर्ग म्हटले की पेन हिल्सच्या टेकडीवरचे व्यंकटेश्वराचे मंदिर आठवते. दर्शन, प्रसाद आणि परतीचा रस्ता! पण या गावाचा इतिहासही जरा थांबून ऐकण्यासारखा आहे.

अलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्यांचा येथे संगम होऊन ओहायो नदी जन्म घेते. १७५८ साली जॉन फोर्ब्ज या स्कॉटिश सेनापतीने फ्रेंचांनी सोडलेला इथला किल्ला ताब्यात घेतला आणि ब्रिटिश मंत्री विल्यम पिट याचे नाव या जागेला दिले. डोंगरांत दगडी कोळसा, वाहतुकीला नद्या. पुढे रेल्वे आली आणि गावाचे भाग्य ठरले.

ते उजळवणारा अँड्र्यू कार्नेगीही स्कॉटलंडचाच. वडील हातमागावर विणत. वाफेच्या मागांनी त्यांचा धंदा बुडवला, म्हणून १८४८ मध्ये कुटुंब येथे आले. तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर राबू लागला. १८७५ मध्ये त्याचा ब्रॅडॉकचा पोलाद कारखाना सुरू झाला. १९०१ मध्ये त्याची कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली गेली. पुढे त्याने आपल्या संपत्तीचा मोठा भाग वाचनालये आणि शिक्षणसंस्थांना दिला.

मात्र या वैभवाची किंमत कामगारांनी मोजली. १८९२ मध्ये होमस्टेडला वेतनकपातीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. व्यवस्थापक हेन्री फ्रिकने नदीतून तीनशे खाजगी पहारेकरी आणले. गोळीबारात दोन्हीकडची माणसे मेली आणि शेवटी कामगारांची संघटना मोडली. यंत्राने ज्याचा माग हिरावला, त्या विणकऱ्याच्या मुलाच्या कारखान्यात हे घडले!

या गावाचे आपल्याशीही नाते आहे. जमशेटजी टाटांचे लक्ष प्रथम आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाकडे गेले होते. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही. १९०२ मध्ये ते पिट्सबर्गला येऊन अभियंते ज्युलियन केनेडी यांना भेटले. केनेडींनी सुचवलेले चार्ल्स पेरिन पुढे भारतात गेले आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले. ते पाहायला जमशेटजी मात्र हयात नव्हते.

१९५० मध्ये पिट्सबर्गची वस्ती ६,७६,८०६ होती. २०२० मध्ये ३,०२,९७१ उरली. होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. आज तिथे दुकाने आणि सिनेमागृहे आहेत, आणि जुन्या धुरांड्यांची एक रांग. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

पिट्सबर्ग पुन्हा उभे राहिले ते विद्यापीठे, रुग्णालये आणि संगणकशास्त्र यांच्या बळावर. त्या नव्या पिट्सबर्गमध्ये आपल्याला जागा मिळाली. पन्नाशीत भट्टी विझलेल्या कामगाराला ती सहसा मिळाली नाही. पुढच्या वेळी दर्शन झाले की वाट थोडी वाकडी करून होमस्टेडला जावे आणि मुलांना ती धुरांडी दाखवावीत. ज्या समृद्धीच्या ओढीने आपण या देशात आलो, तिचा पाया कोणी घातला हे त्यांनाही कळायला हवे.