कृत्रिम पाय, वाढते वय आणि तोल: चालताना आणि दुचाकीवर नेमके काय बदलते?

समजा, सायखेड्यातले एक शेतकरी आहेत. वय पासष्ट. तिशीत असताना मळणीयंत्रात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला आणि पुढची पस्तीस वर्षे त्यांनी मळा सांभाळला. मोटारसायकलवर कांद्याच्या बाजाराला गेले, गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीला जाऊन आले. गेल्या वर्षभरात मात्र त्यांची गाडी दोनदा आडवी झाली, आणि दोन्ही वेळा ती जवळपास उभीच होती. एकदा पहाटे अंगणातही तोल गेला. मुले म्हणतात, "आता गाडी बंद करा." पण गाडी बंद म्हणजे मळा, बाजार आणि दवाखाना यांसाठी दुसऱ्याची वाट पाहणे आले.

हे उदाहरण कल्पित असले, तरी पाय गमावून अनेक वर्षे झालेल्या पुष्कळांना साठीच्या आसपास असाच अनुभव येतो. पाय तोच, गाडी तीच, रस्ताही तोच. मग तोल का जातो?

तोल कशावर टिकतो?

शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर टिकतो.

१. डोळे: समोरची जमीन, क्षितिज, भिंत यांवरून आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत हे कळते.

२. आतला कान: डोके कोणत्या दिशेला वळले वा झुकले हे तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि सूक्ष्म केसपेशी सांगतात.

३. तळवे, घोटे, गुडघे आणि स्नायू: जमीन मऊ आहे की कडक, चढ आहे की उतार, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे इथून कळते.

ही माहिती मेंदूत जुळते आणि स्नायूंना हुकूम जातो. उभे राहिल्यावर शरीर सतत किंचित झुलत असते. हे झुलणे प्रामुख्याने घोट्याचे स्नायू सावरतात. आपल्याला ते जाणवतही नाही.

पाय गेल्यावर शरीर उसनवारी करते

कृत्रिम पायाला तळव्याची जाणीव नसते आणि घोट्याचे स्नायूही नसतात. त्यामुळे त्या बाजूची माहितीही जाते आणि सावरण्याची ताकदही जाते. मग मेंदू हे काम इतरांकडून करून घेतो: डोळ्यांकडून, शाबूत पायाकडून, कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंकडून. उरलेल्या पायावर सॉकेटचा, म्हणजे पाय ज्या वाटीत बसतो तिचा, दाब कुठे येतो यावरूनही जमिनीचा अंदाज घ्यायला माणूस शिकतो.

तरुणपणी ही व्यवस्था इतकी छान जमते, की पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण ती उसनवारी असते. ज्यांच्याकडून मदत घेतली ते अवयव थकू लागले, की तोल अचानक बिघडल्यासारखा वाटतो. खरे तर तो हळूहळू कमी होत आलेला असतो.

वयाबरोबर काय कमी होते?

- मोतीबिंदूमुळे संधिप्रकाशात खड्डा, पायरी, ओल वेळेवर दिसत नाही. कृत्रिम पाय वापरणारा डोळ्यांवर जास्त अवलंबून असल्याने त्याला याचा फटका अधिक बसतो.
- आतल्या कानातील केसपेशी वयाबरोबर कमी होतात. मान वर करताना किंवा कूस बदलताना गरगरत असेल, तर कानातील कण सरकल्याचा त्रास असू शकतो. तो डोक्याच्या ठरावीक हालचालींच्या उपचाराने बहुधा बरा होतो.
- मधुमेह असल्यास शाबूत पायाच्या तळव्याची जाणीवही बोथट होते. म्हणजे दोन्ही बाजूंची माहिती कमी झाली.
- मांडीचे आणि कमरेचे स्नायू बारीक होतात. शाबूत गुडघ्याने वर्षानुवर्षे जास्त भार उचललेला असल्याने तो झिजून दुखू लागतो.
- रक्तदाब, झोप किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो आणि अंधारी येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६५ वर्षांवरील साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. कॅनडात पाय गमावलेल्या ४३५ जणांच्या पाहणीत (२००१) वर्षभरात पडलेल्यांचे प्रमाण ५२ टक्के होते. म्हणून पडण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र पडल्याची गोष्ट घरात आणि डॉक्टरांपासून लपवू नये.

आधी सॉकेट आणि चप्पल पाहा

प्रत्येक वेळी दोष वयाचाच असतो असे नाही. उरलेला पाय वयाबरोबर बारीक होतो आणि वजन वाढले तर जाड होतो. दिवसभरातही त्याचा आकार बदलतो. बारीक झालेला पाय सॉकेटमध्ये खोल उतरतो. कृत्रिम पाय आखूड वाटतो, चालताना वरखाली सरकतो आणि टोकाला लाल वळ उठतात. अशा वेळी जादा मोजा चढवून फरक पडतो का ते पाहावे. मोज्यांवर मोजे चढवावे लागत असतील, तर सॉकेट नवे करण्याची वेळ झाली आहे.

दुसरी गोष्ट पादत्राणाची. कृत्रिम पावलाचा कोन ठरावीक उंचीच्या टाचेसाठी जुळवलेला असतो. सपाट चपलेला जुळवलेल्या पायात टाचेचा बूट घातला, की नडगी पुढे झुकते आणि गुडघा वाकू पाहतो. लग्नाला नवा बूट घालून गेल्यावर तोल का जातो, याचे उत्तर बहुधा इथे असते. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला जयपूर फूट अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे असा घडवलेला आहे. तरी पादत्राण बदलल्यावर जुळणी तपासून घेणे त्यालाही लागू आहे.

दुचाकीवर धोका थांबताना जास्त

वेगात असलेली दुचाकी स्वतःला बरीचशी सावरते. ती कलली, की पुढचे चाक त्याच बाजूला किंचित वळते आणि गाडी पुन्हा सरळ होते. वेग चालण्याइतका उतरला, की हा गुण संपतो आणि तोल चालवणाऱ्याच्या हातात व कमरेत येतो. गाडी थांबली, की सारी भिस्त जमिनीवर टेकलेल्या एका पायावर असते. शंभर-सव्वाशे किलोची गाडी थोडी कलली तर पाय तिला पेलतो. जास्त कलली, की तरुणालाही आवरत नाही.

म्हणूनच अनेक वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला रस्त्यावर आत्मविश्वास वाटतो आणि गाडी पडते ती फाटकात, पेट्रोल पंपावर, गतिरोधकापाशी किंवा बाजारातल्या गर्दीत. उसाच्या ट्रॉलीमागून सरकत जाणे हे मोकळ्या रस्त्यापेक्षा अवघड असते.

डावा पाय गेला असेल तर

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि साइडपट्टी त्याहून खाली. सवयीने डावा पाय टेकायला गेले, की जमीन अपेक्षेपेक्षा खोल लागते. कृत्रिम पायाला ते कळेपर्यंत गाडी कललेली असते. त्यामुळे थांबायची जागा आधीच हेरावी, सपाट डांबरावर थांबावे आणि उजवा पाय टेकावा. उजवा पाय खाली आला, की मागचा ब्रेक सुटतो, तेव्हा गाडी पुढच्या ब्रेकने धरावी. मात्र हँडल वळलेले असताना हळू वेगात पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये. गाडी तिथेच आडवी होते.

गिअरचा दांडा चवड्याने उचलणे कृत्रिम पायाला कठीण जाते, कारण घोटा वर वळत नाही. टाच आणि चवडा दोन्हींनी दाबायचा दांडा थोडा सोपा पडतो. पाय दांड्यावर आहे का हे पाहायला मान खाली घालावी लागत असेल, तर ही धोक्याची खूण समजा.

गाडीवर बसतानाही आपण डावीकडून, डाव्या पायावर उभे राहून उजवी टांग टाकतो. डावा पाय कृत्रिम असेल तर साइड स्टँड लावलेला ठेवून उजवीकडून बसण्याचा सराव करावा. पहिले काही दिवस जवळ कोणी तरी उभे हवे.

उजवा पाय गेला असेल तर

अडचण मागच्या ब्रेकची असते. किती जोर दिला हे कळत नाही. कधी ब्रेक लागतच नाही, तर कधी चाक जाम होऊन घसरते. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर धक्क्याने पाऊल पायठेवणीवरून निसटते आणि ते समजतही नाही. म्हणून काही जण पाय रबराने बांधून ठेवतात. हे करू नये. गाडी पडली तर पाय अडकून गाडीखाली येतो.

मग कोणती गाडी?

मोटारसायकल आणि घरी बसणे यांच्यामध्ये आणखी पर्याय आहेत.

गिअर नसलेल्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हाताशी असतात, पाय ठेवायला सपाट जागा असते आणि टांग टाकावी लागत नाही. घेण्याआधी शाबूत पाय जमिनीवर पूर्ण टेकतो का हे बसून पाहावे. नुसता चवडा टेकत असेल तर ती गाडी नको.

बाजूला जोडचाके लावलेली स्कूटर थांबल्यावर पडत नाही. पण ती वळणावर दुचाकीसारखी कलत नाही. वेगात वळवली तर चालवणारा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि उतरत्या कडेला ती तिरकी चालते. जुनी सवय विसरून, मोकळ्या जागेत काही दिवस सराव करूनच ती रस्त्यावर आणावी.

गाडीतला असा बदल आरटीओकडे रीतसर नोंदवून घ्यावा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या तपासणीकडे नुसता कागद म्हणून पाहू नये. डोळे आणि तोल खरोखर तपासून घेण्याची ती संधी आहे.

चालताना: मळा, बांध आणि घर

- काठी शाबूत पायाच्या बाजूच्या हातात धरावी. डावा पाय कृत्रिम असेल तर काठी उजव्या हातात. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी.
- पायऱ्या चढताना आधी शाबूत पाय, उतरताना आधी कृत्रिम पाय.
- उतारावर कृत्रिम घोटा वाकत नाही, त्यामुळे गुडघा पुढे ढकलला जातो. सरळ उतरण्याऐवजी तिरके, लहान पावलांनी उतरावे.
- पावसाळ्यात काळी माती पावलाला चिकटून पाय जड होतो आणि चिखलात रुतला तर सॉकेटमधून निसटू शकतो. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांत पाऊल अडकते. जाण्या-येण्याची एक वाट कोरडी आणि मोकळी ठेवावी.
- ऑगस्ट २०१९ सारखा गोदावरीचा पूर ओसरल्यावर रस्त्यावर गाळाचा गुळगुळीत थर राहतो. तो निघेपर्यंत त्या रस्त्याने गाडीही नको आणि पायीही नको.
- शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली, की अंधारात मोटार चालू करायला जावे लागते. डोळ्यांचा आधार नसताना तोल सर्वांत कच्चा असतो. डोक्याला बांधायची बॅटरी वापरावी म्हणजे हात मोकळे राहतात. जमेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे.
- रात्री लघवीला उठताना पाय नाही हे झोपेत विसरून उभे राहणे, हे पडण्याचे नेहमीचे कारण आहे. गेलेला पाय आहे असे वाटण्याची जाणीव अनेक वर्षे टिकते. पलंगाशेजारी कुबडी आणि दिवा ठेवावा. उठल्यावर मिनिटभर बसून मगच उभे राहावे.

घरी करायची तपासणी

खुर्चीतून उठून ३ मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. घरच्या माणसाने सोबत चालत सेकंद मोजावेत. सर्वसाधारण ज्येष्ठांमध्ये १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. कृत्रिम पायाला वेळ जास्तच लागतो, म्हणून आपलाच आकडा लिहून ठेवावा आणि दर ६ महिन्यांनी ताडून पाहावा. आकडा वाढत गेला तर पडण्याची वाट न पाहता दाखवायला जावे.

ताकदीसाठी हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे आणि ओट्याला धरून कृत्रिम पायावर थोडे थोडे वजन देणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून रोज करता येतात. जमिनीवरून उठायचे कसे, हेही त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

कुठे जावे?

पहिली फेरी डोळे, साखर, रक्तदाब आणि चालू गोळ्या तपासण्यासाठी जवळच्या डॉक्टरांकडे. दुसरी सॉकेटसाठी कृत्रिम अवयव केंद्रात. पुण्यात १९४४ पासूनचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास अनेक सवलती लागू होतात. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे.

तोल अचानक गेला आणि सोबत तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात लुळा पडणे यांपैकी काही दिसले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा १०८ वर फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गाडी कधी सोडावी?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट घडत असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये: वर्षात दोनदा गाडी पडणे, मान वळवताच गरगरणे, उभ्या गाडीचा भार शाबूत पायाला न पेलणे, दांड्यावर पाय आहे की नाही हे न कळणे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, नवे सॉकेट किंवा गोळीतला बदल यांनंतर काहींना पुन्हा चालवता येते. काहींना जोडचाकांची गाडी घ्यावी लागते. काहींना खरोखरच थांबावे लागते. घरच्यांनी गाडीची चावी लपवण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. थांबायचेच ठरले, तर मळ्याला आणि बाजाराला कोण, कोणत्या दिवशी नेणार हेही त्याच बैठकीत ठरवावे.